विद्यार्थी संघाच्या निवडणुकीला उभे राहताना : नियम, तयारी आणि जबाबदारी

दरवर्षी जून-जुलैमध्ये प्रवेशाची धावपळ संपली की आमच्याकडे येणाऱ्या मुलामुलींपैकी एखादा तरी विचारतो, "कॉलेजात निवडणूक झाली तर मी उभं राहू का? की शिष्यवृत्ती जाईल, घरचे रागावतील, म्हणून गप्प बसू?" या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. उभे राहायचे असेल तर कायदा काय सांगतो, कागद कोणते लागतात, पैसा किती लागतो, धोका कुठे आहे आणि निवडून आल्यावर नेमके काय करता येते, हे आधी माहीत असायला हवे. आपल्या मुलांना पोस्टर लावायला, घोषणा द्यायला आणि मिरवणुकीत पुढे चालायला सगळेच पक्ष बोलावतात. उमेदवारी अर्जावर नाव लिहायची वेळ आली की मात्र दुसऱ्यांची मुले पुढे येतात. हे बदलायचे असेल तर माहिती आपल्या हातात हवी. म्हणून हा लेख.

मतदान आपल्याला नवे नाही

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की, संसदीय कार्यपद्धती भारताला अपरिचित नव्हती. भिक्खू संघात बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव मांडणे, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान या सगळ्यांचे नियम होते. विनयपिटकात याचे तपशील सापडतात. मतभेद मिटला नाही तर 'शलाका' म्हणजे लाकडी काड्या वाटून बहुमत पाहिले जाई. ते गुप्तपणे, कानात सांगून किंवा उघडपणे, अशा तीन रीतींनी घेतले जाई. शलाका वाटणारा आणि गोळा करणारा भिक्खू पक्षपात, द्वेष, मोह आणि भय या चार गोष्टींपासून मुक्त असला पाहिजे, अशी अट होती. आजच्या भाषेत सांगायचे तर निवडणूक अधिकारी निःपक्षपाती हवा, हा विचार आपल्या परंपरेत अडीच हजार वर्षांपासून आहे.

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. या महाविद्यालयात विद्यार्थी संसद भरत असे. हिंदू कोड बिलासारख्या देशातील सर्वांत वादग्रस्त विषयावर बाबासाहेब या विद्यार्थी संसदेपुढे बोलले होते. विद्यार्थ्यांनी अभ्यास करावा आणि राजकारणाकडे पाहूही नये, असे त्यांचे मत असते तर त्यांनी आपल्याच महाविद्यालयात संसद चालू दिली नसती. मात्र ती संसद अभ्यासाची जागा होती. विषय वाचून यावे लागे, नियमाने उभे राहून बोलावे लागे आणि विरोधकाचे ऐकून घ्यावे लागे. उमेदवाराची पहिली शाळा ती.

महाराष्ट्रात आज काय स्थिती आहे

हाणामाऱ्या, पैसा आणि राजकीय पक्षांची दादागिरी यांमुळे महाराष्ट्रातील महाविद्यालयांतील खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाल्या. महाराष्ट्र विद्यापीठ कायदा, १९९४ ने त्यांच्या जागी गुणवत्तेवर आधारित पद्धत आणली. मागच्या परीक्षेत वर्गात अव्वल आलेला विद्यार्थी वर्गप्रतिनिधी होऊ लागला. वरवर पाहता हे ठीक वाटते. पण परीक्षेत पहिला येणारा विद्यार्थी वसतिगृहाच्या पाण्यासाठी, अडलेल्या शिष्यवृत्तीसाठी भांडेलच असे नाही. शिवाय पहिल्या पिढीत शिकणारा, सकाळी काम करून कॉलेजला येणारा मुलगा या पद्धतीत प्रतिनिधी होण्याची शक्यता फारच कमी होती. प्रतिनिधित्व ही गुणवत्तेची बक्षिसी नसते. ज्यांचे प्रश्न आहेत त्यांचा तो अधिकार असतो.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि कायद्याच्या पुस्तकात तरी थेट निवडणूक परत आली. कलम ९९ प्रमाणे महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेची रचना थोडक्यात अशी आहे :

- अध्यक्ष, सचिव आणि एक महिला प्रतिनिधी. हे तिघे महाविद्यालयातील सर्व पूर्णवेळ विद्यार्थ्यांनी निवडायचे.
- अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती किंवा इतर मागासवर्ग यांपैकी आळीपाळीने एक प्रतिनिधी. हाही सर्व विद्यार्थ्यांनीच निवडायचा.
- प्रत्येक वर्गाचा एक प्रतिनिधी. तो त्या वर्गातील विद्यार्थ्यांनी निवडायचा.
- राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, क्रीडा आणि सांस्कृतिक विभागांतून प्राचार्यांनी नेमलेले विद्यार्थी.

महाविद्यालयांचे आणि विद्यापीठ विभागांचे हे पदाधिकारी मिळून विद्यापीठ विद्यार्थी परिषद निवडतात. तिचे अध्यक्ष आणि सचिव विद्यापीठाच्या अधिसभेवर म्हणजे सिनेटवर जातात. महाविद्यालयाच्या परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव महाविद्यालय विकास समितीवर असतात. महाविद्यालयाचा अर्थसंकल्प, नवे अभ्यासक्रम, विद्यार्थी कल्याण हे विषय या समितीपुढे येतात. म्हणजे हे पद केवळ स्नेहसंमेलनात हार घालण्यापुरते नाही. जिथे पैशाचा हिशेब होतो त्या टेबलावरची ती खुर्ची आहे.

प्रत्यक्षात मात्र ही खुर्ची रिकामीच राहिली. २०१९ मध्ये निवडणुकांची तयारी झाली होती, पण त्या पुढे ढकलल्या गेल्या आणि नंतर कोरोना आला. तेव्हा महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला दुहेरी काम आहे : निवडणूक घ्या अशी मागणी करायची आणि ती जाहीर होईल त्या दिवसासाठी तयारही राहायचे. केंद्रीय विद्यापीठांत, दिल्ली, हैदराबादला शिकणाऱ्या आपल्या मुलांना मात्र ही संधी आजही आहे.

लिंगडोह समितीचे नियम पाठ करा

देशभरच्या विद्यार्थी निवडणुकांना आज जी चौकट आहे ती लिंगडोह समितीची. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने २००६ मध्ये अहवाल दिला आणि २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो लागू करण्याचा आदेश दिला. उमेदवाराला लागू होणारे मुख्य नियम असे :

- वय : पदवीसाठी १७ ते २२, पदव्युत्तरसाठी कमाल २४-२५, संशोधक विद्यार्थ्यांसाठी कमाल २८. चार-पाच वर्षांच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी सवलत देता येते.
- उमेदवार पूर्णवेळ नियमित विद्यार्थी असावा आणि अभ्यासक्रम किमान एक वर्षाचा असावा.
- ज्या वर्षी उभे राहायचे त्या वर्षी विषय मागे राहिलेला नसावा.
- हजेरी ७५ टक्के किंवा विद्यापीठाने ठरवलेली, यांपैकी जी जास्त असेल ती.
- पदाधिकारीपदासाठी एकदाच आणि कार्यकारिणी सदस्यपदासाठी दोनदाच उभे राहता येते.
- फौजदारी गुन्ह्यात खटला चाललेला किंवा शिक्षा झालेली नसावी. विद्यापीठाची शिस्तभंगाची कारवाई झालेली नसावी.
- खर्चाची मर्यादा प्रत्येक उमेदवाराला ५,००० रुपये. निकालानंतर दोन आठवड्यांत तपासलेला हिशेब द्यावा लागतो. राजकीय पक्षाचा पैसा वापरता येत नाही.
- छापील पोस्टर, पत्रके चालत नाहीत. हाताने केलेली पोस्टर फक्त ठरवून दिलेल्या जागी लावायची. प्रचारासाठी ध्वनिक्षेपक, वाहने, प्राणी वापरता येत नाहीत.
- अर्ज भरण्यापासून निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया १० दिवसांत संपवायची.
- निकालाबद्दलची तक्रार तीन आठवड्यांत तक्रार निवारण कक्षाकडे करायची.

प्रत्येक विद्यापीठाची स्वतःची अधिसूचना आणि परिनियम असतात आणि काही ठिकाणी वयासारख्या अटी वेगळ्या आहेत. म्हणून अधिसूचना निघाली की तिची प्रत काढा, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारा आणि शंका लेखी विचारा. तोंडी मिळालेले उत्तर छाननीच्या दिवशी कामाला येत नाही.

गुन्ह्याची अट आपल्या मुलांनी नीट समजून घ्यावी. भीमा कोरेगावच्या हल्ल्यानंतर ३ जानेवारी २०१८ रोजी झालेल्या महाराष्ट्र बंदच्या वेळी अनेक तरुणांवर गुन्हे दाखल झाले होते. आंदोलनात नाव आले की सगळे संपले, असे समजून कित्येक जण फॉर्मच भरत नाहीत. गुन्हा दाखल होणे, आरोपपत्र येणे, खटला चालणे आणि शिक्षा होणे या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आपले प्रकरण नेमके कुठे आहे, मागे घेतले गेले आहे का, याचा कागद वकिलामार्फत आधीच काढून ठेवा. प्रतिज्ञापत्रात मात्र काहीही लपवू नका. लपवलेली गोष्ट विरोधक शोधून काढतात, आणि मग प्रश्न गुन्ह्याचा न राहता खोटेपणाचा होतो.

अर्ज भरण्याआधीची फाईल

अर्ज बाद होणे हा पराभवाचा सर्वांत स्वस्त प्रकार आहे. म्हणून अधिसूचना निघण्याआधीच एक फाईल तयार ठेवा : ओळखपत्र, प्रवेशाची पावती, जन्मतारखेचा दाखला, मागील गुणपत्रिका, हजेरीचा दाखला आणि राखीव जागेसाठी जातीचे प्रमाणपत्र. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातीचे लाभ केंद्राच्या पातळीवर मिळतात. तरीही प्रमाणपत्रातला मजकूर, नावाचे स्पेलिंग, वडिलांचे नाव सगळ्या कागदांवर सारखे आहे का ते तपासा. जात वैधता प्रमाणपत्र मागितले असेल तर ते आठ दिवसांत मिळत नाही, हे आपल्याला अनुभवाने माहीतच आहे.

सूचक आणि अनुमोदक त्याच मतदारयादीतले असावेत. यादी लागली की आधी आपले नाव पाहा, मग त्यांचे. अर्ज शेवटच्या दिवशी शेवटच्या तासाला भरू नका. पोच घ्या आणि छाननीला स्वतः हजर राहा.

पर्यायी उमेदवारही ठरवून ठेवा. २०२४ च्या मार्चमध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात मतदान सुरू होण्याच्या काही तास आधी डाव्या आघाडीच्या सरचिटणीसपदाच्या उमेदवाराचा अर्ज रद्द झाला. मग डाव्यांनी बापसा म्हणजे बिरसा आंबेडकर फुले विद्यार्थी संघटनेच्या प्रियांशी आर्य यांना पाठिंबा दिला आणि त्या निवडून आल्या. एवढ्या मुरलेल्या संघटनांवर ही वेळ येते, तर पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्याने किती सावध राहावे ते समजते.

स्वतंत्र, पॅनेल की युती

पॅनेलला परवानगी आहे का, हे आधी नियमात पाहा. २०१६ च्या कायद्यानुसार विद्यार्थी परिषदेने राजकीय कामात पडू नये, असे कलम आहे. केंद्रीय विद्यापीठांत मात्र संघटनांची पॅनेल उघडपणे लढतात.

आंबेडकरी विद्यार्थी संघटनांचा तिथला प्रवास अभ्यासण्यासारखा आहे. हैदराबाद विद्यापीठात आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशन १९९३ पासून काम करते. जेएनयूत बापसाची स्थापना २०१४ मध्ये झाली. अवघ्या दोन वर्षांत, २०१६ च्या निवडणुकीत नागपूरचे राहुल सोनपिंपळे अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि १,५४५ मते घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आले. ते हरले. पण आंबेडकरी उमेदवार केवळ मते खाणारा असतो हा समज त्या दिवशी मोडला. आठ वर्षांनी त्याच संघटनेला केंद्रीय पॅनेलवरचे पहिले पद मिळाले. हैदराबादेत २०१७ मध्ये एएसएने इतर संघटनांसोबत सामाजिक न्यायाची आघाडी करून अध्यक्षपद जिंकले. २०२३ मध्ये डाव्या आणि आदिवासी विद्यार्थी संघटनांसोबतच्या युतीतून एएसएचे प्रज्वल गायकवाड अध्यक्ष झाले.

यातून आम्हाला दोन गोष्टी दिसतात. एक, स्वतःची संघटना आधी उभी करावी लागते, तेव्हाच युतीत जागा मिळते. नुसती मते घेऊन येणाऱ्याला पॅनेलमध्ये शेवटचे पद देतात. दोन, युती करताना बोलणी लेखी आणि सभेसमोर करावी. कोणते पद, कोणते मुद्दे, निवडून आल्यावर कोणत्या प्रश्नावर काय भूमिका, हे ठरलेले नसेल तर दुसऱ्याच दिवशी 'आम्हाला वापरून घेतले' ही तक्रार सुरू होते.

राखीव जागा की अध्यक्षपद?

हा प्रश्न आमच्याकडे नेहमी येतो. राखीव प्रतिनिधीची जागा आपल्या हक्काची आहे आणि ती सोडून देण्याचे कारण नाही. पण आपण तेवढ्यासाठीच आहोत, असे आपणच मानायला लागलो तर अध्यक्ष आणि सचिव ही पदे कायमची दुसऱ्यांची होतात. ज्याचा संपर्क कॉलेजभर आहे, ज्याला सगळ्या शाखांतले विद्यार्थी ओळखतात, त्याने अध्यक्षपदाला उभे राहावे. पहिल्याच वर्षी असाल तर वर्गप्रतिनिधीपासून सुरुवात करा. मुलींनी केवळ महिला प्रतिनिधीच्या जागेचा विचार करू नये. आमच्या वस्त्यांतल्या महिला मंडळांनी वर्षावासापासून जयंतीपर्यंतचे कार्यक्रम वर्षानुवर्षे पेलले आहेत. त्यांच्या मुलींना सचिवपद जड जाणार नाही.

एकाच पदासाठी आपल्याच समाजाचे तीन उमेदवार उभे राहतात, हे दुखणे वस्तीपासून संसदेपर्यंत सगळीकडे आहे. त्यावर उपाय एकच : अर्ज भरण्याआधी बैठक घ्या, इच्छुकांना बोलू द्या आणि गुप्त मतदान घ्या. जो निर्णय होईल तो मान्य करा. संघाला शलाका वाटून मतभेद मिटवता येत होता, तर आपल्याला का जमू नये?

जाहीरनामा : सर्वांचा प्रश्न, आपला अनुभव

लिंगडोह नियमांनुसार जातीय किंवा धार्मिक भावनेला आवाहन करून मते मागता येत नाहीत आणि प्रार्थनास्थळाचा प्रचारासाठी वापर करता येत नाही. म्हणून विहारात प्रचारसभा घेऊ नका. विहारात वंदना घ्या, अभ्यासिका चालवा. प्रचार कॉलेजच्या आवारात करा.

पण एक फरक समजून घ्या. 'मी आपल्या समाजाचा आहे म्हणून मत द्या' हे जातीचे आवाहन झाले. 'शिष्यवृत्तीपात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण शुल्क मागू नये', 'जातीवरून होणाऱ्या अपमानाची तक्रार घेणारा कक्ष चालू असावा' हे प्रश्न मांडणे म्हणजे जातीयवाद नव्हे. भेदभावाविरुद्ध बोलणे आणि जातीवर मत मागणे या दोन गोष्टी एकच असल्याचा आरोप तुमच्यावर नक्की होईल. उत्तर तयार ठेवा, शांतपणे द्या.

जाहीरनाम्यात पाच मुद्दे पुरेत. प्रत्येक मुद्दा तीन प्रश्नांवर तपासा : हा प्रश्न किती विद्यार्थ्यांचा आहे? तो सोडवण्याचा अधिकार कुणाकडे आहे? वर्षभरात काय होऊ शकते? 'महाडीबीटीवर अडकलेल्या अर्जांसाठी कॉलेजात दर आठवड्याला मदत टेबल', 'ग्रंथालय परीक्षेच्या काळात रात्री उघडे', 'मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आणि दिवे', 'शेवटच्या एसटीच्या वेळेआधी प्रात्यक्षिके संपवणे' असे मुद्दे लिहा. गावाहून येणारी मराठा, कुणबी, धनगर, मुस्लिम मुलगीही शेवटच्या एसटीसाठी धावते. तिचा प्रश्न तुम्ही मांडला तर ती तुमचे ऐकेल, आणि मग जातीच्या कक्षाचा तुमचा मुद्दाही समजून घेईल.

प्रचार : ५,००० रुपयांत

कमी पैसा ही आपल्या उमेदवाराची कमजोरी नाही. खर्चाची मर्यादा नीट पाळली गेली तर ती आपल्या बाजूची आहे. दिल्ली विद्यापीठात २०२४ मध्ये २७ सप्टेंबरला मतदान झाले, पण उमेदवारांनी भिंती, रस्ते पोस्टरांनी इतके विद्रूप केले होते की ते साफ होईपर्यंत उच्च न्यायालयाने मतमोजणी रोखली. निकाल लागला २५ नोव्हेंबरला. गाड्यांचे ताफे आणि कागदाचा पाऊस यांत कुणाचा पैसा असतो आणि तो नंतर कसा वसूल होतो, हे मतदारांना सांगा.

१४ एप्रिलच्या जयंतीचे नियोजन ज्याने केले आहे त्याला खरे तर अर्धी निवडणूक येते. वर्गणीची पावती, पोलीस ठाण्याची परवानगी, स्वयंसेवकांची पाळी, हिशेबाची वही, रुसलेल्याची समजूत हे सगळे तिथे शिकायला मिळते. तेच इथे वापरा :

- वर्गवार यादी करा. प्रत्येक वर्गात एक जबाबदार मित्र किंवा मैत्रीण नेमा.
- आकडा मांडा. १२० जणांच्या वर्गात ७० मतदान करतात आणि तीन उमेदवार असतात तेव्हा ३० मते निर्णायक ठरू शकतात. ती ३० नावे कागदावर असली पाहिजेत.
- प्रत्येकाला प्रत्यक्ष भेटा. व्हॉट्सॲपवरचा संदेश आठवणीसाठी असतो, मत मागण्यासाठी नाही.
- पाच मिनिटांचे भाषण तयार करा आणि मित्रांसमोर दहा वेळा बोला. इंग्रजीची भीती बाळगू नका. ज्या भाषेत विचार स्पष्ट येतो त्या भाषेत बोला.
- प्रत्येक खर्चाची पावती त्याच दिवशी वहीत चिकटवा.
- मतदान आणि मतमोजणीसाठी आपले प्रतिनिधी नेमा, त्यांना नियम शिकवा आणि मोजणी संपेपर्यंत त्यांनी जागा सोडू नये असे सांगा.

दारू, जेवणावळी, धमकी यांपासून दूर राहा. पंचशील घेतलेल्या माणसाने हे वेगळे सांगण्याची गरज नसावी, पण निवडणुकीच्या दहा दिवसांत भलेभले घसरतात.

भीती खोटी नाही

उभे राहिल्याने काही होत नाही, असे आम्ही सांगणार नाही. हैदराबाद विद्यापीठात २०१५ च्या शेवटी एएसएच्या पाच संशोधक विद्यार्थ्यांवर कारवाई झाली. त्यांना वसतिगृह बंद झाले, प्रशासकीय इमारतीत आणि सार्वजनिक जागी गटाने जाण्यास मनाई झाली आणि विद्यार्थी संघाच्या निवडणुकीत भाग घेण्यासही बंदी घातली गेली. त्यांतलाच एक रोहित वेमुला. १७ जानेवारी २०१६ रोजी तो आपल्यातून गेला. त्या आदेशात निवडणुकीवरील बंदी का होती, याचा विचार करा. आवाज नसलेल्याला मतपेटीपासून दूर ठेवले की त्याचा प्रश्न 'शिस्तीचा' करून टाकता येतो.

म्हणून काळजी घ्या. कोणतीही नोटीस आली तर एकट्याने उत्तर लिहू नका. वकील आणि विश्वासातला प्राध्यापक यांना दाखवा आणि मुदतीत उत्तर द्या. तक्रार लेखी करा, पोच घ्या, प्रती दोन ठिकाणी ठेवा. शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाचे सगळे कागद अद्ययावत ठेवा, म्हणजे कुणाला बोट ठेवायला जागा राहणार नाही. घरच्यांना आधी विश्वासात घ्या. आईवडिलांची भीती ही अडाणीपणातून आलेली नसते. त्यांनी व्यवस्थेचा फटका खाल्लेला असतो. आणि मन खचले तर लगेच बोला, मित्राशी, घरी, समुपदेशकाशी. एकटे पडू नका आणि कुणाला एकटे पडू देऊ नका. उमेदवार ज्या गटाचा आहे त्या गटाची ही पहिली जबाबदारी आहे.

निकालानंतर

जिंकलात तर पहिल्या महिन्यात एक छोटे काम पूर्ण करून दाखवा. दर तीन महिन्यांनी विद्यार्थ्यांपुढे हिशेब आणि कामाचा अहवाल ठेवा. बैठकीचे इतिवृत्त मागा, वाचा, चूक असेल तर दुरुस्तीचे पत्र द्या. १९४९ च्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील भक्ती आणि विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला होता. तो आपल्या विद्यार्थी नेत्यांनाही लागू आहे. हार, फलक आणि 'भाऊ' म्हणवून घेण्याची सवय लवकर लागते आणि उशिरा सुटते.

हरलात तर दुसऱ्या दिवशी कॉलेजला जा. जिंकलेल्याचे अभिनंदन करा, दोन आठवड्यांत हिशेब द्या आणि मिळालेल्या मतांची यादी वर्गवार मांडून पुढच्या उमेदवाराच्या हाती द्या. त्या यादीतूनच संघटना उभी राहते.

निवडणूक होतच नसेल तर

महाराष्ट्रात अनेकांपुढे हाच प्रश्न आहे. तरीही पुढील दारे उघडी आहेत :

- यूजीसीच्या २०१५ च्या विनियमांनुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत तक्रार समितीवर, विद्यार्थ्यांचे प्रकरण असेल तेव्हा, लोकशाही पद्धतीने निवडलेले विद्यार्थी प्रतिनिधी असायला हवेत. आपल्या कॉलेजात ते कसे निवडले, असे लेखी विचारा.
- यूजीसीच्या २०२३ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणे आवश्यक आहे. तिच्या अध्यक्ष किंवा सदस्यांत किमान एक महिला आणि किमान एक अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील व्यक्ती हवी. नावे फलकावर लागली आहेत का ते पाहा.
- कलम ९९ प्रमाणे विद्यार्थी परिषद का स्थापन झाली नाही, हे माहिती अधिकारात विद्यापीठाला विचारा.
- पदवी मिळालेल्यांनी नोंदणीकृत पदवीधर म्हणून नाव नोंदवावे. अधिसभेवर पदवीधरांतून १० सदस्य निवडले जातात आणि त्यांत अनुसूचित जातीसाठी एक जागा आहे. नोंदणीच नसल्याने आपली हजारो पदवीधर मुले या मतदानातून बाहेर राहतात.

विहारातल्या अभ्यासिकेत महिन्यातून एकदा विद्यार्थी संसद भरवा. एक विषय, दोन बाजू, एक सभापती, गुप्त मतदान. खर्च शून्य. जी मुलगी तिथे थरथरत पहिल्यांदा उभी राहील, तीच उद्या कॉलेजच्या सभागृहात उभी राहील. आणि निवडणूक जाहीर होईल त्या दिवशी तिची फाईल तयार असेल.

जय भीम. नमो बुद्धाय.